पुलाच्या चढावरचं मिसिंग

मी गाड्या दुरुस्त करत नाही. दुरुस्त होऊन आलेल्या गाड्या का चालत नाहीत, ते शोधते. उज्जैनमध्ये एवढ्या कामावर एका माणसाचं पोट भरतं, यावरून आमच्याकडच्या गॅरेजांबद्दल काय समजायचं ते समजा.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "कामाचे अनुभव लिहा. पण जरा गोड लिहा, दिवाळी आहे." अनुभव लिहिते. गोडाचं बघू.

शिक्षण कुठं झालं, नोकरी कुठं केली, यात जागा घालवत नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. न बदललेला पार्ट 'बदलला' असं गिऱ्हाइकाला सांगायचं, हा तिथला रिवाज. मी सांगितलं नाही, म्हणून बाहेर पडले. मग नानाखेड्यात घराखालच्या शेडमध्ये हे शोधकाम सुरू केलं, आणि त्याच्या जोडीला पर्चे. पत्रकाला आमच्याकडे पर्चाच म्हणतात. टावर चौकात उभी राहून मी ते वाटते: 'जुना पार्ट परत मागा. काय काय खोललं ते विचारा. समजलं नाही तर पुन्हा विचारा.' लोक पर्चा घेतात आणि त्यावर कचोरी ठेवून खातात. माझी हरकत नाही. खाताना तरी वाचतात.

आता मिसिंग म्हणजे काय, ते कधी बोनेट न उघडलेल्यांसाठी. चार माणसं लोखंडी कपाट उचलून चालली आहेत आणि त्यातला एक मधेच हात सोडतो, असं समजा. कपाट पडत नाही, पण हिसका बसतो. सपाट जमिनीवर बाकीचे तिघं सांभाळून घेतात. जिना चढायला लागले की चोरी उघडी पडते. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाला इंधन लागतं, आत दाब लागतो आणि वेळेवर ठिणगी लागते. यातलं एक जरी चुकलं तरी तो सिलिंडर हात सोडतो आणि गाडी आचके देते. गॅरेजवाल्याला विचारलं की तो म्हणतो, पेट्रोल भेसळीचं आहे. पेट्रोल बदलून पुन्हा गेलात की म्हणतो, हवामान. तिसऱ्यांदा गेलात आणि तुम्ही बाई असाल, तर म्हणतो, ड्रायव्हिंग.

गिऱ्हाइकंही काही कमी नसतात. एका ज्योतिषीबुवांची गाडी फक्त मंगळवारी मिसिंग करायची. त्यांनी गाडीची पत्रिका मांडून मला समोर बसवून समजावली. मी विचारलं, मंगळवारी कुठं जाता? तर सगळं कुटुंब मारुतीला जायचं, सासुरवाडीसकट. मंगळाचा काही दोष नव्हता, मेव्हण्यांच्या वजनाचा होता. आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या गाडीतला दोष मला शेवटपर्यंत सापडला नाही. त्यांनी कंटाळून ती विकली. अजून ती फ्रीगंजात दिसली की मी स्कूटर तिच्यामागे नेते, कान देऊन. ते लागून राहिलंय.

पण सांगायची आहे ती मनीषाताईंची व्हॅन.

मनीषाताई शाळेची मुलं नेतात. नानाखेड्याच्या कॉलन्यांमधून मुलं गोळा करायची, फ्रीगंजातून रेल्वेचा पूल चढायचा आणि पलीकडे जुन्या शहरातल्या शाळेत सोडायची. व्हॅन त्यांची स्वतःची, सीएनजीवरची. ड्रायव्हरही त्याच. घर त्या व्हॅनवर चालतं. उन्हाळ्यात इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेलं. म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली चकती. ती बदलायला डोकं पूर्ण उतरवावं लागतं. हे काम बद्री उस्तादांनी केलं. उस्ताद म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. शाळेच्या बसही त्यांच्याकडेच जातात.

व्हॅन परत आली आणि पुलाच्या चढावर आचके द्यायला लागली. एकदा तर मधोमध बंद पडली. गाडीत मुलं, मागे सिटी बस. मनीषाताई गाडी घेऊन उस्तादांकडे गेल्या. त्यांनी इंजिन चालू करून कान लावला. "आवाज तो मक्खन है मैडम." पुन्हा गेल्या, पुन्हा मक्खन. मग शाळेच्या ट्रान्सपोर्टचं बघणाऱ्या चौबेजींनी उस्तादांना विचारलं. उस्ताद म्हणाले, "गाड़ी में कुछ नहीं है. मैडम क्लच दबाके चढ़ाती हैं." चौबेजींनी मनीषाताईंना बोलावून सांगितलं, सोमवारपासून रूट दुसऱ्या व्हॅनवाल्याला. पालकांचे फोन येतात, आमचा नाइलाज आहे.

हे सगळं त्यांनी माझ्या शेडमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. शुक्रवारची दुपार होती, मुलांना सोडून आल्या होत्या.

"क्लच दाबून चढवता?" मी विचारलं.

"तूही तेच विचारतेस?"

"मी सगळ्यांना सगळं विचारते. बसा."

"इतकी वर्षं त्याच पुलावरून नेते मी. तेव्हा क्लच कुठं गेला होता?"

याच वाक्यावर माझं सगळं काम चालतं. दुरुस्तीआधी नव्हतं, दुरुस्तीनंतर आहे. मग दोष आकाशातून पडत नाही. जिथं जिथं हात लागला, तिथंच तो असतो. गाडीला नवा आजार झालेला नसतो, कुणीतरी काहीतरी अर्धवट सोडलेलं असतं. गॅरेजवाले नेमकं उलटं करतात. आपण ज्याला हात लावला ते सोडून बाकी सगळं तपासतात.

व्हॅन रिकामी चालवून पाहिली. एकदम शहाणी. वजन हवं होतं आणि मुलांवर प्रयोग मी करणार नव्हते. मनीषाताई म्हणाल्या, "आमचं भजनी मंडळ आहे ना." शेजारच्या गल्लीत पोतनीसकाकूंकडे शुक्रवारी मंडळाची तालीम असते. काकू सगळ्यांत मोठ्या, पेटीही त्यांचीच. अख्खी तालीम उठून व्हॅनमध्ये येऊन बसली.

"आम्हाला वजनाला बोलावलंय म्हणे," काकू म्हणाल्या.

"हो काकू."

"तोंडावर सांगतेस?"

"खोटं सांगून कुणाचं वजन कमी होत नाही."

"हिला कुणी लग्नाच्या बैठकीला नेऊ नका गं," काकूंनी मागे सांगितलं आणि टाळ मांडीवर घेतले.

पुलाच्या चढावर, अर्ध्यावर, आलंच. हिसका. पुन्हा हिसका. मागे टाळ आपोआप वाजले. माझ्या हातातला स्कॅनर सांगत होता, तीन नंबरचा सिलिंडर हात सोडतोय. मनीषाताईंच्या पायाकडे मी मुद्दाम बघत होते. क्लचवर पाय नव्हता.

शेडमध्ये परत आलो. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की समोर. मी कामाला लागले. ठिणगी देणारी कॉइल प्रत्येक सिलिंडरवर वेगळी असते. तीन नंबरची काढून एक नंबरवर बसवली, एकची तीनवर. कॉइल खराब असती तर दोष तिच्याबरोबर एकवर गेला असता. मंडळाला घेऊन पुन्हा पूल. दोष तीनवरच. प्लग बदलून पाहिले, तीनवरच. गॅस बंद करून पेट्रोलवर चालवली, तीनवरच. दोन्ही इंधनांच्या नळ्या वेगळ्या, त्यामुळे इंधन सुटलं. दाब मोजला, चारही सारखे. म्हणजे उस्तादांनी गॅस्केटचं काम चोख केलं होतं, हेही लिहून ठेवते. उरली फक्त कॉइलपर्यंत करंट नेणारी वायर. ती मीटर लावून तपासली. ठीक. गाडी उभी असताना ठीक.

"आता?" मनीषाताईंनी विचारलं.

"आता ही वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने चाचपायची."

वायरी कॉइलवरून मागे जाऊन एका कपलरमध्ये शिरतात. कपलर म्हणजे प्लॅस्टिकची जोडणी, एकात एक बसून खट्‌कन लॉक होणारी. डोकं उतरवायचं तर ती सोडवावीच लागते. माझं बोट तिथं पोचलं आणि मनीषाताईंनी माझं मनगट धरलं.

"तेवढं सोडून."

तिथं मौली होती. पूजेचा लाल-पिवळा धागा. कपलरवर वेढ्यावर वेढे देऊन ब्रॅकेटला बांधलेला, वर हळद-कुंकू. आमच्या शहरात हे नवीन नाही. गाडी गॅरेजमधून निघाली की उस्तादलोक मौली बांधतात, कुणी स्टीअरिंगला, कुणी इंजिनात. आणि एकदा बांधली की दुसरा मेकॅनिक तिला हात लावत नाही. शेजारची नळी काढायची असली तरी धागा अलगद बाजूला सारतो.

"उस्तादांनी माझ्यासमोर बांधली," त्या म्हणाल्या. "सकाळी देवळात जाऊन आणली होती. म्हणाले, अब चिंता मत करो."

"आणि चिंता गेली का?"

"गाडी पुलावर बंद पडली तेव्हा मागून बस येत होती. मुलांना खरचटलंसुद्धा नाही. ते कुणी केलं?"

"बसवाल्याच्या ब्रेकने."

 त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. पर्च्यावर लिहायला माझं वाक्य बरं होतं. पण समोरची बाई तो क्षण रोज जगत होती. मी आवाज खाली आणला.

"ताई, खोलत नाही. नुसता हलवते. चालेल?"

इंजिन चालू केलं. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने त्या गाठोड्याला हळूच खाली दाबलं. इंजिन अडखळलं. सोडलं, सुरळीत. दाबलं, अडखळलं.

मनीषाताईंनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातातून घेतला. स्वतः दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. मग इंजिन बंद केलं, हात पदराला पुसला, धाग्याला लावून कपाळाला लावला आणि नखाने गाठ सोडवायला बसल्या. वेढे तेलाने चिकटले होते. शेवटचा वेढा निघाला आणि कपलरचे दोन तुकडे आपोआप एकमेकांपासून सरकले. लॉकची जीभ मोडलेली होती. ती जोडणी धाग्यावर उभी होती. धागा नवा असताना घट्ट बसला असेल. उष्णतेने, तेलाने सैल झाला. भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन आपल्या पायांवर कलतं, वायर ओढली जाते, कपलर एका कडेला उघडतो आणि त्या कडेच्या तीन नंबरच्या वायरीचा करंट तुटतो.

माझ्या डोक्यात पर्चा छापूनही झाला. देवाच्या धाग्याखाली मोडका पार्ट. फोटोसकट. मी फोन काढला.

"फोटो काढ," मनीषाताई म्हणाल्या. "पण छापायचा नाही. सोमवारपर्यंत तरी नाही."

"का म्हणून? त्यांनी तुमच्या ड्रायव्हिंगवर ढकललं, चौबेजींना सांगितलं—"

"म्हणूनच. तू छापलंस तर ते म्हणतील, बायकांनीच तोडलं. नवा कपलर आण, पण आज लावू नकोस." आणि त्यांनी तोच धागा तसाच, वेढ्यावर वेढे, परत बांधला. "त्यांनी दिली होती तशी गाडी त्यांना चालवू दे."

मी पुष्कळ आंदोलनं पाहिली आहेत. इतकी साधी मागणी कुणी केली नव्हती.

शनिवारी मी भंगारबाजारात एका जुन्या वायरिंगमधून त्याच मापाचा, अख्ख्या लॉकचा कपलर शोधला. मनीषाताईंनी दोन फोन केले. चौबेजींना म्हणाल्या, "सोमवार को रूट निकाल ही दीजिए, पर रविवार को एक चक्कर हमारे साथ मारिए." उस्तादांना म्हणाल्या, "आप कहते हैं मुझे चढ़ाव पे चलाना नहीं आता. सिखाइए."

उस्ताद आले. पांढरा शर्ट, गंध लावलेलं, प्रसन्न. शिकवायला बोलावलं की कुठला पुरुष येत नाही? चौबेजी त्यांच्या शेजारी बसले. मागे मनीषाताई, मी आणि मावेल तेवढं भजनी मंडळ. रविवार दुपार, पुलावर वर्दळ कमी.

"देखो मैडम," उस्ताद सपाट रस्त्यावर सांगत होते, "क्लच से पैर हटाओ, गाड़ी खुद खींचती है."

"हो का," पोतनीसकाकू मागून म्हणाल्या.

चढ सुरू झाला. उस्तादांनी दुसरा गिअर टाकला. पाय क्लचवरून उचलून सगळ्यांना दिसेल असा बाजूला ठेवला. आणि हिसका बसला.

उस्तादांनी ॲक्सिलरेटर दाबला. हिसका, हिसका. चौबेजींनी डॅशबोर्ड धरला. मागे एक स्कूटरवाला हॉर्न देत बाजूने निघून गेला.

"सीएनजी में कचरा होगा," उस्ताद म्हणाले. मी हात लांब करून गाडी पेट्रोलवर टाकली. हिसका.

"भिया," पोतनीसकाकू शांतपणे म्हणाल्या, "ड्राइविंग में कुछ प्रॉब्लम है क्या?"

मंडळ हसलं. मनीषाताई हसल्या नाहीत. पूल उतरल्यावर त्यांनी व्हॅन झाडाखाली थांबवायला सांगितली, सगळ्यांना उतरवलं आणि सीट उचलली.

"उस्तादजी, ये खोलिए."

"मौली है, मैडम. बंधा हुआ धागा नहीं खोलते."

"आपने बांधा है. आप ही खोलिए."

उस्ताद चौबेजींकडे बघून म्हणाले, "अब धर्म की बात में—"

"जुना धागा आपण दर वर्षी उतरवतो आणि पिंपळाखाली ठेवतो," पोतनीसकाकू म्हणाल्या. मग उस्तादांसाठी हिंदीत, "पाप लगेगा तो मेरे नाम लिख देना. मेरी उमर हो गई."

उस्ताद वाकले. त्यांना गाठ शोधावी लागली नाही. वेढे निघाले, कपलर सुटला, मोडकी जीभ सगळ्यांनी पाहिली. चौबेजींनी वाकून पाहिली, चष्मा लावून पाहिली.

"ये क्या है, उस्ताद?"

उस्ताद धागा बोटांभोवती गुंडाळत म्हणाले, "पुराना प्लास्टिक है साब, हाथ लगाते ही टूटता है. अकेला कपलर मिलता नहीं, पूरी वायरिंग लेनी पड़ती. मैडम का नुकसान होता. मैंने सोचा मौली से कस दूं, पकड़ेगी भी, शुभ भी रहेगा."

"तो मुझे बताया क्यों नहीं?" मनीषाताईंनी विचारलं.

"बताता तो आप बोलतीं, तुमने तोड़ा."

मला त्या माणसाचा संताप आला होता आणि अजून येतो. पण उत्तर खरं होतं, हेही मान्य करायला हवं. मोडलं असं सांगणाऱ्या मेकॅनिकला आपण सोडत नाही, आणि लपवणाऱ्याकडून मात्र धागा बांधून घेतो. माझ्या पर्च्यात हे वाक्य नव्हतं. आता आहे.

मनीषाताई म्हणाल्या, "टूटना गलती नहीं है. आपने साब को बोला, मेरा पैर गलत है. मैं रोज दूसरों के बच्चे लेके जाती हूं." एवढंच. आवाज चढला नाही. उस्तादांनी चौबेजींसमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, हात नको, सांगा. मग ते चौबेजींना म्हणाले, "गलती मेरी थी. इनकी ड्राइविंग ठीक है."

मी नवा कपलर बसवला. खट्‌ असा आवाज आला. लॉकचा आवाज धाग्याला काढता येत नाही. परतीच्या फेरीला मनीषाताई स्टीअरिंगवर बसल्या. तोच पूल, तेच वजन, दुसऱ्या बाजूचा चढ. अर्ध्यावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि तिथून, भर चढावर, पहिल्या गिअरमध्ये उचलली. काही झालं नाही. मागे काकूंनी टाळ वाजतात का म्हणून हलवून पाहिले.

चौबेजी उतरताना म्हणाले, "रूट तर मी दुसऱ्याला सांगून बसलोय." त्यांना मराठी येते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"मग त्यांना पुन्हा सांगा," मनीषाताई म्हणाल्या. "मी साडेसहाला मुलं घ्यायला निघते."

"बघतो," म्हणून ते निघाले. घरी येऊन मी मनीषाताईंना विचारलं, त्यांनी दुसरी व्हॅन पाठवली तर? त्या म्हणाल्या, मग दोन व्हॅन येतील. मुलं कुणाच्या गाडीत बसतात ते बघू.

सोमवारी सकाळी मी पुलाच्या चढावर जाऊन उभी राहिले. दुसरी व्हॅन आली की नाही, मला माहीत नाही, इकडून तरी गेली नाही. मनीषाताईंची आली. पूर्ण भरलेली. खिडक्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि वेण्या दिसत होत्या. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे एक ऑटो मधेच थांबला होता, त्या गिअर बदलत होत्या, आणि भरली व्हॅन चढावर असताना ड्रायव्हरने फक्त रस्त्याकडे बघायचं असतं.